भाव चुकला की आबाजी ओरडतात

गुरुजी, नमस्कार.

मी मूळची सांगली जिल्ह्यातली. दीड वर्षापूर्वी इकडे एका द्विशिक्षकी शाळेत रुजू झाले. तिसरी, चौथी, पाचवी माझ्याकडे, मिळून 23 मुलं. निम्मी गावातली, सात-आठ बंजारा तांड्यावरची, चार पोडावरची, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरची. बोलायला एकेक फटाकडा, पण पुस्तक समोर ठेवलं की मान खाली. वाचायला उभं केलं तर ओठ हलतात, आवाज निघत नाही. लिहायला सांगितलं की फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवतात, स्वतःचं एक वाक्य नाही. लिहिलंच तर 'मले', 'तुले', 'काऊन'. पुस्तक वाचणाऱ्याला पेन बक्षीस ठेवलं, तर एका मुलाने एका दुपारी सहा पुस्तकं 'वाचली'. रागावून पाहिलं, दहा-दहा वेळा लिहून आणायला लावलं. आता कापूस वेचणीमुळे निम्मा वर्ग रिकामा असतो. पालकांना सांगावं तर म्हणतात, "म्याडम, आमालेच येत नाई, आमी काय सांगू त्याले?" या मुलांना वाचावंसं, लिहावंसं वाटावं म्हणून काय करू? की माझंच काही चुकतंय?

— एक शिक्षिका, ता. आर्णी, जि. यवतमाळ

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. चुकतंय. पण नेमकं तेच माझंही चुकत होतं, आणि ते कळायला मला तुमच्यासारखं दीड वर्ष नाही, चांगली पंधरा वर्षं लागली. तेव्हा जीवाला फार लावून घेऊ नका.

माझी चूक सांगतो. चौथीचा वर्ग होता, विषय नेहमीचाच, 'माझा आवडता सण'. सगळ्या वर्गाने दिवाळी लिहिली आणि सगळ्यांची दिवाळी एकच. आई चकल्या-करंज्या करते, बाबा नवे कपडे आणतात, आम्ही अंगणात किल्ला बांधतो. ताई, तुमच्या सांगलीकडे पोरं किल्ले बांधत असतील. आमच्या त्या गावात कोणाच्या अंगणात किल्ला म्हणून मी कधी पाहिला नव्हता. तो गाईडातून आलेला किल्ला होता. मी मात्र सगळ्यांना दहापैकी सात देत सुटलो.

एका पोरीची वही वेगळी निघाली. तिने लिहिलं होतं, "दिवाळीले आमी कापूस येचतो. माय मने का फटाके नोको फोडू, घरात कापूस हाय." अशा सहा ओळी. अर्ध्या घरात छपरापर्यंत कापूस रचलेला, त्याच्याच बाजूला जागा करून सगळे झोपतात, आणि बाहेर गाव फटाके उडवतंय. मी काय केलं? लाल पेनाने अकरा गोल काढले आणि दोन गुण दिले. पुढचा निबंध 'पावसाळा' होता. तो तिने शेजारणीचा पाहून लिहिला, एकही चूक नाही. मी आठ दिले आणि पोरगी सुधारली म्हणून खूश झालो. हे लिहिताना आजही कसंतरी होतं.

तिला माझ्याकडून एवढंच कळलं की गुरुजींना तिच्या घरातल्या कापसाशी काही घेणं-देणं नाही, त्यांना वेलांटी पाहिजे. मग तिने मला वेलांटी दिली.

लिहिण्याला घेणारा लागतो. बोलायला समोर माणूस लागतो तसाच. तुमची पोरं बोलायला फटाकडी आहेत, कारण ऐकणारं कोणीतरी असतं, त्यावर हसणारं, भांडणारं, उलट उत्तर देणारं असतं. वहीत मात्र जे लिहायचं ते तपासण्यासाठी. वाचणाराही तपासणीसच, आणि त्याला उत्तर आधीच माहीत. असल्या माणसाला कोण पत्र लिहील? तुम्ही तरी लिहाल का?

तर घेणारा शोधायचा. माझ्या शाळेत तो सापडला रस्त्याकडच्या भिंतीवर.

निवृत्तीच्या आधीच्या वर्षी, 2018 च्या दिवाळीनंतर, शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर साधारण चार फूट बाय तीन फुटांचा पट्टा काळ्या रंगाने रंगवून घेतला. रोज दोन पोरांची पाळी. त्यांनी शाळा भरायच्या आधी गावाला उपयोगाचं काय ते लिहायचं. कापसाचा भाव, सोयाबीनचा भाव, या आठवड्यात थ्री फेज लाईन दिवसाची की रातची, तालुक्याची गाडी किती वाजता, कंट्रोलात तांदूळ आला का, नर्सबाई लसीकरणाला कधी येणार. खाली एक ओळ पोरांच्या मनाची. त्या ओळीत काय वाटेल ते यायचं. कोणाची गाय व्याली, कोणाचं कुत्रं हरवलं, एकदा तर "आमच्या घरी आज पाटोडी हाय" एवढंच.

तिसऱ्या की चौथ्या दिवसाची गोष्ट. पाचवीतल्या एका पोट्ट्याने कापसाचा भाव 5,460 च्या जागी 5,640 लिहिला. आकड्यांची अदलाबदल, वहीत असती तर मी गोल करून सोडून दिली असती. शेजारचे एक आबाजी वावरात जाताना थांबले, वाचलं आणि घरी परतून मुलाला म्हणाले, आजच कापूस काढ, गाडी सांग. मुलाने व्यापाऱ्याला फोन केला तेव्हा खरं कळलं. आबाजी काठी आपटत शाळेच्या फाटकात उभे. "कोन लेहलं बे हे? क्विंटलमांगं एकशेऐंशी रुपये काय तुया बाप देते?"

पोट्टा दाराआड लपला. मी काहीच बोललो नाही, बोलायची गरजच नव्हती. दुसऱ्या दिवशी पाळी दुसऱ्याची होती, तरी हाच सकाळी आधी हजर. लिहिलेला आकडा तीनदा वाचला, स्वतः फोन लावून भाव पुन्हा विचारला, आणि आबाजी येईपर्यंत भिंतीजवळून हलला नाही. आबाजींनी वाचलं, "हं" म्हटलं आणि गेले. एवढंच. त्या "हं"ने जे केलं ते माझ्या इतक्या वर्षांच्या लाल पेनाने केलं नव्हतं.

तुम्हीही हेच करा. आणखी एक सोय आहे. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये होता. चालू हंगामाचा हमीभाव वरच्या ओळीत रंगवून ठेवा आणि रोजचा खेडा खरेदीचा, म्हणजे गावात येऊन घेणाऱ्या व्यापाऱ्याचा, भाव त्याच्याखाली लिहू द्या. वजाबाकी पोरं न सांगता करतात, आणि ती करताना त्यांच्या तोंडून जे निघतं ते भाषेच्या तासाला कधी निघणार नाही.

दुसरा घेणारा तुम्ही स्वतः. तेलाचा रिकामा डबा घ्या, झाकणाला चीर पाडा, वर्गाच्या कोपऱ्यात ठेवा. पोरांनी तुम्हाला चिठ्ठी लिहायची, तुम्ही दुसऱ्या दिवशी उत्तर द्यायचं. सक्ती नाही, गुण नाहीत, आणि सगळ्यांत अवघड म्हणजे चिठ्ठीवर तुमच्या पेनाचा एक ठिपकासुद्धा नाही. पहिला आठवडा डबा रिकामा राहील. राहू द्या. आधी तुम्हीच दोघा-तिघांच्या दप्तरात चिठ्ठी टाका, खरं काही विचारा. "तुमच्या शेळीला किती पिल्लं झाली?" असं. उत्तर येतं.

माझ्या डब्यातली एक चिठ्ठी मी जपून ठेवली आहे. "गुरुजी मी वर्गात झोपतो त रागाऊ नका. राती बाबासंग जागलीले जातो. डुकरं लय येते." या पोराला मी दोन महिने रोज उभं करत होतो. रात्रभर रानडुकरं हाकलून आलेलं नऊ वर्षांचं लेकरू. मी उत्तर लिहिलं, "पहिल्या तासाला मागे सतरंजीवर झोपत जा. काल रात्री किती डुकरं आली होती? तू आणि बाबांनी ती कशी हाकलली?" दुसऱ्या दिवशी पाठपोट भरलेला कागद आला. डबा कसा वाजवायचा, टॉर्च कुठून मारायची, रोही आला तर काय, डुक्कर आलं तर काय, सगळं. शुद्धलेखनाच्या चुका मोजल्या असत्या तर तीसेक निघाल्या असत्या. मजकूर मात्र असा की मी घरी नेऊन बायकोला वाचून दाखवला.

आणि चुका? माझ्या उत्तरात बरोबर शब्द आपोआप येतो. तो 'राती' लिहितो, मी 'रात्री' लिहितो. तो 'हाकल्ले' लिहितो, मी 'हाकलली' लिहितो. पोरं उत्तर चार-चारदा वाचतात, कारण ते त्यांच्या नावाचं असतं. डोळ्यांतून शब्द आत जातो. सावकाश जातो, पण जातो.

आता 'मले-तुले'कडे येतो. इथे मी तुम्हाला थोडं बोलणार आहे, राग मानू नका.

'मले' ही चूक नाही. त्यातला 'ले' हा वऱ्हाडीचा प्रत्यय आहे, जसा प्रमाण मराठीचा 'ला'. तुमच्या सांगलीचे हेल इकडे कानाला खटकतात, म्हणून आम्ही तुम्हाला मराठी येत नाही म्हणत नाही. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ महानुभावांनी तेराव्या शतकात याच वऱ्हाडात, अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात सिद्ध केला, आणि आज मराठी भाषा विद्यापीठही तिथेच उभं राहिलं आहे. हे पोरांना जरूर सांगा. आपण बोलतो ते मोडकं-तोडकं नाही, हे त्यांना कोणी सांगतच नाही. सांगतो तो एवढंच की "असं नाही, नीट बोल." मग पोरगं नीट बोलण्याऐवजी गप्प बसतं. तुमच्याकडे ओठ हलतात आणि आवाज निघत नाही, तो याच धाकाने.

करायचं असं. सकाळी एखाद्याला कालचं काही सांगायला लावा. तो म्हणेल, "मी वावरात गेलो तं मले रोही दिसला." हे वाक्य जसंच्या तसं फळ्यावर लिहा, अक्षराचाही फरक करू नका. मग त्यालाच वाचायला सांगा. ज्याला पाठ्यपुस्तकातली ओळ फुटत नाही तो हे वाक्य घडाघडा वाचेल, कारण ते त्याच्याच तोंडचं आहे. पुढचा शब्द काय असणार हे त्याला ठाऊक आहे. सुरुवातीला या अंदाजाचा आधार होतो. त्याच्याखाली दुसरी ओळ लिहा, "मी शेतात गेलो तेव्हा मला नीलगाय दिसली." आणि विचारा, काय काय बदललं? पोरं तुटून पडतात. 'वावर'चं 'शेत', 'मले'चं 'मला', आणि 'दिसला'चं 'दिसली' का झालं? दहा मिनिटांत व्याकरण होतं, कोणाला कळतही नाही. वरच्या ओळीला आम्ही घरची ओळ म्हणायचो आणि खालचीला बाहेरची. घरची ओळ पुसायची नाही, एवढा नियम.

तांड्यावरच्या पोरांना तर मराठी हीच बाहेरची भाषा. त्यांच्या घरी आईला 'याडी' म्हणतात. फळ्यावर एका रांगेत लिहा, याडी, माय, आई. पोडावरच्या कोलाम पोरांना विचारा, ते चौथा शब्द देतील. कोलामी ही द्राविडी कुळातली भाषा, मराठीपेक्षा गोंडीला जवळची, तेव्हा त्या लेकरांना तुमचं वाक्य परकं वाटतं यात त्यांचा दोष नाही. तो चौथा शब्द तुम्हीही म्हणून पाहा आणि चुका. बाईंना आपला शब्द म्हणता येत नाही हे पाहून त्या चौघांना जे हसू येईल ते तुमच्या उपयोगाचं आहे. केंद्रप्रमुखांनी काही विचारलं तर सांगा की 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असंच म्हटलं आहे.

म्हणजे शुद्धलेखन सोडून द्यायचं का? मुळीच नाही. भिंतीवर जाणारं, ग्रामपंचायतीला जाणारं, बाहेरच्या माणसाच्या हाती पडणारं सगळं आधी कच्च्या कागदावर, मग दोघांनी मिळून सुधारून, मग पक्कं. तिथे वेलांटीसुद्धा सोडायची नाही. कारण पोरांनाही तिथे ती बरोबर पाहिजे असते. आबाजी ओरडतात ना!

ग्रामपंचायतीवरून आठवलं. शाळेमागच्या हापशीचा दांडा तुटला होता. पोरांनी अर्ज लिहिला, सरपंचांना नेऊन दिला. महिना गेला. मग स्मरणपत्र लिहिलं, तेही गेलं कुठेतरी. पोळा जवळ आला होता. चौथी-पाचवीने मिळून झडती, म्हणजे पोळ्याला म्हणतात ते टोमण्याचं गाणं, रचली आणि तोरणाखाली म्हटली.

"शाळेमांगं हापशी गा,
दांडा तिचा तुटला गा,
सरपंच म्हने पाहू गा,
पोट्टे म्हने कधी गा!"

सगळ्या गावाने एका आवाजात "हर बोला हर हर महादेव" केलं आणि सरपंच मान खाली घालून हसत राहिले. दांडा आठ दिवसांत बसला. अर्जापेक्षा झडती भारी, हे पोरांना त्या दिवशी कळलं. ते मला शिकवायचं नव्हतं, पण खोटंही म्हणवत नाही. यंदाचा पोळा होऊन गेला, भुलाबाईही कोजागिरीला गेली. तरी पोरींच्या डोक्यात भुलाबाईची गाणी अजून ताजी असतील. ती त्यांच्याकडून एका वहीत उतरवून घ्या. प्रत्येक घरचं एखादं कडवं वेगळं निघतं आणि "आमच्याकडं असं नाई म्हनत" म्हणून भांडण लागतं. लागू द्या, भांडण मिटवायला वही उघडावी लागते.

पेनाच्या बक्षिसाबद्दल. सहा पुस्तकं एका दुपारी, हे वाचून मी मोठ्याने हसलो. तो पोरगा हुशार आहे, त्याने तुमचा हिशेब बरोबर ओळखला. 1973 साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी एक प्रयोग केला होता. ज्या लेकरांना मुळातच स्केचपेनने चित्रं काढायला आवडायची, त्यांतल्या काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलं तर प्रमाणपत्र मिळेल. मिळालंही. पुढे काही दिवसांनी पेन नुसते समोर ठेवले, तेव्हा हीच लेकरं इतरांच्या निम्माच वेळ चित्रं काढत बसली. ज्यांना आधी न सांगता अचानक प्रमाणपत्र दिलं होतं, त्यांचा रस तसाच होता. आमिष दाखवलं की काम ओझं होतं. तेव्हा पेन द्यायचेच असतील तर ज्याच्याकडे नाही त्याला द्या, वाचनाशी जोडू नका. आणि दहा वेळा लिहायला लावणं आजपासून बंद. ज्या गोष्टीची गोडी लावायची तीच शिक्षा म्हणून द्यायची, हा आपल्या खात्याचा जुना रोग आहे.

आता वाचन. तुम्ही लिहिलं नाही, पण मी पैजेवर सांगतो की तुमच्या शाळेत गोष्टींची पुस्तकं आहेत आणि ती कुलपात आहेत. बरोबर? हजारात नऊशे शाळांत तसंच असावं असा माझा आपला अंदाज. पुस्तक फाटलं तर जडसंग्रह नोंदवहीचं, म्हणजे शाळेच्या वस्तूंच्या यादीचं काय, ही आपली भीती. ताई, फाटलेलं पुस्तक रीतसर निर्लेखित करता येतं, म्हणजे त्या यादीतून काढता येतं. उधईने खाल्लेलंही निर्लेखितच करावं लागतं. मग पोरांनी फाडलेलं काय वाईट? भिंतीला पोरांच्या छातीच्या उंचीवर सुतळ्या बांधा आणि पुस्तकं वाळत घातल्यासारखी टांगा, मुखपृष्ठ दिसेल अशी. कपाटात पुस्तकाची पाठ दिसते. पाठ पाहून ओळख वाढत नाही, माणसाची काय नि पुस्तकाची काय.

रोज जेवणाच्या सुट्टीनंतर पंधरा मिनिटं तुम्ही मोठ्याने गोष्ट वाचा. गोष्ट संपली की प्रश्न विचारायचा नाही. तात्पर्य तर अजिबात नाही. लांब गोष्ट असेल तर ऐन रंगात आली की पुस्तक मिटा आणि सुतळीवर टांगून घरी जा. दुसऱ्या दिवशी कोणी ना कोणी पुढचं पान उघडून अक्षरं लावत बसलेलं दिसेल. पुस्तकं कमी पडली तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट आहेत, आणि बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 च्या नोव्हेंबरपासून निघतंय, त्याचे जुने अंक इंटरनेटवर चाळता येतात.

पण गोष्टींवरच थांबू नका. घरात येणारा कागद वाचायला घ्या. लाईटबिल, बियाण्याची पिशवी, एसटीचं तिकीट, दवाखान्याची चिठ्ठी. आणि आपल्या जिल्ह्यात एक कागद सक्तीने वाचलाच पाहिजे, फवारणीच्या औषधाच्या डब्यावरचा. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, हे तुम्ही ऐकलं असेल. त्या डब्यावर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. पाचवीच्या पोराला हे वाचून घरी सांगता आलं पाहिजे. मात्र रिकामा डबासुद्धा शाळेत आणायला सांगू नका, कोणी ना कोणी तो हुंगून पाहतं. तुम्हीच कृषी केंद्रात जाऊन मोबाईलवर लेबलचा फोटो काढा आणि मोठ्या अक्षरांत फळ्यावर उतरवा.

एक काम मात्र या सगळ्याच्या आधी करा. 23 जणांना एकेक करून बाजूला घ्या आणि पाहा, कोणाला नुसती अक्षरं येतात, कोणाला शब्द, कोणाला पहिलीचा परिच्छेद, कोणाला दुसरीची गोष्ट. खेड्यापाड्यांतल्या मुलांच्या वाचनाची पाहणी करणारे 'असर'वाले असंच तपासतात, एका मुलाला चार-पाच मिनिटं लागतात. 2024 च्या त्यांच्या अहवालात देशाच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांमधली तिसरीची 23.4 टक्केच मुलं दुसरीचा मजकूर वाचू शकत होती, तेव्हा तुमचा वर्ग काही जगावेगळा नाही. मग दिवसातला एक तास इयत्ता विसरून जा. पाचवीतला अक्षरावर अडलेला आणि तिसरीतला अक्षरावर अडलेला एकत्र बसू द्या. मोठ्याला लाज वाटेल, तर त्याला लहानग्याचा 'गुरुजी' करा. आणि जो पुस्तक नाकाशी धरतो किंवा फळ्याकडे डोळे बारीक करून पाहतो, त्याला आधी पुढे बसवा आणि मुलांची आरोग्य तपासणी करणाऱ्या बालस्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी शाळेत येईल तेव्हा त्याचं नाव पहिलं द्या. माझ्या एका 'ढ' पोराला चष्मा लागला आणि तो महिन्याभरात वाचायला लागला. त्याआधी तीन वर्षं आम्ही दोन शिक्षकांनी त्याला ढ ठरवलं होतं.

राहिली वेचणी. पोरांनी वेचायला जाऊ नये, हे तुम्हीही म्हणाल, मीही म्हणेन, आणि ती जाणार. निदान आल्यावर बोटं पाहा. बोंडाच्या वाळक्या टोकांनी नखांच्या कडा खरवडून निघालेल्या असतात, पेन्सिल धरवत नाही. त्या दिवशी अक्षर घाण आलं म्हणून बोलू नका, बोलायला लावा आणि तुम्ही लिहून घ्या.

याच वेचणीत तुमच्या पालकांच्या प्रश्नाचं उत्तरही आहे. प्रत्येक पोराला एक छोटी वही द्या, वेचाईची वही. रोज संध्याकाळी माय सांगेल, आज किती किलो झाला. पोराने तारीख, कोणाचं वावर, किलो आणि किलोमागचा दर लिहायचा. बाजाराच्या दिवशी चुकारा होतो तेव्हा मायने पोराकडून वही वाचून घ्यायची. आमच्याकडे एका बाईचे दोन दिवस मालकाच्या हिशेबातून सुटले होते. पोरीने वही उघडून तारखेसकट वाचून दाखवले, सोमवार 28 किलो, मंगळवार 31 किलो. पैसे मिळाले. त्यानंतर ती माय रोज दिवा लागला की हाक मारायची, "लेह वं बाई, आजचं लेह." ज्या बाईला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं, ती पोरीचा अभ्यास घेत होती. मग पालकांना "मुलांकडे लक्ष द्या" असं वेगळं सांगायला मी कधी गेलो नाही.

सगळं एकदम सुरू करू नका, दमाल. डिसेंबरात फक्त भिंत आणि डबा. वेचाईची वही उद्याच, कारण हंगाम थांबत नाही. सुतळ्या संक्रांतीनंतर बांधल्या तरी चालतील. पट्टा रंगवताना मात्र एक ध्यानात ठेवा, तो रस्त्याकडच्या भिंतीवर पाहिजे आणि लहान पोराचा हात पोहोचेल इतका खाली पाहिजे. आमचा आधी उंच झाला होता, तिसरीची पोरं एकमेकांच्या पाठीवर चढून भाव लिहायची आणि एक तर सोयाबीन लिहिता लिहिता आबाजींच्या अंगावरच पडला.